चौथ्या पाळीनंतर कोण टाकणार

"तुम्हाला खेळातलं काही कळत नाही, तुम्ही कपडे शिवा," असं शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी माझ्या दुकानात उभं राहून मला सांगितलं, तेव्हा मी चौदा नंबरचा शर्ट कापायला घेतला होता. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "सर, कपडेच शिवतेय. पण हा शर्ट ज्या पोरीच्या मापाचा आहे, तिच्याच अंगावर जाईल. दुसरीला बसवून देणार नाही."

हे भांडण एका दिवसाचं नव्हतं. दोन वर्षं आत साचत आलेलं होतं.

आमचं गाव ओझरच्या अलीकडं, जुन्नर तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हा मी सोबत शिलाई मशीन आणलं होतं. नव्वदच्या दशकात नवऱ्यानं रस्त्याकडेला एक गाळा घेऊन दिला. गाळ्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं शाळेचं मैदान. पाय मशीनवर आणि डोळे मैदानावर, असा माझा दिवस जायचा. तिथं सरांनी मुलींचा एक खेळ सुरू केला. सर त्याला सॉफ्टबॉल म्हणायचे, गाव बेसबॉल म्हणायचं. खताच्या गोण्यांत वाळू भरून बेस केले होते. सुरुवातीला लोक हसले. पोरी लाकडी दांडकं घेऊन पळतात, हे बघायला म्हणून येऊन थांबायचे आणि निघून जायचे. थांबलो आम्ही तिघं.

एक मी. दुसरे आबा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. घरी करमत नाही म्हणून माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायचे. तिसरी मावशी. शाळेच्या फाटकाशी पेरू, चिंचा, बोरं विकायची. शाळा सुटली की टोपली घेऊन माझ्या पायरीवर यायची. ती गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीवर राहायची.

नियम आम्हाला कोणी शिकवले नाहीत. बघून बघून कळले. जी मुलगी मधे उभी राहून, हात कमरेजवळून गरकन फिरवून चेंडू टाकते ती पिचर. सगळे बेस फिरून पोर पुन्हा सुरुवातीच्या जागी, म्हणजे घरी, पोचली की एक धाव. तीन जणी बाद झाल्या की पाळी बदलते. दोन्ही संघांना अशा सात सात पाळ्या. आणि पिचरनं चार चेंडू वाकडे टाकले की समोरचीला पहिला बेस फुकट मिळतो. हे फुकट जाणं आबांना सगळ्यात झोंबायचं. "धावून जाऊ दे, मारून जाऊ दे," ते म्हणायचे, "पर अशी चालत जाती म्हंजे काय राव!"

आमची पिचर म्हणजेच संघाची कॅप्टन. एका कांदा-द्राक्षवाल्या शेतकऱ्याची पोर, उंच, खांद्यात ताकद. पहिल्या तीन पाळ्या तिचा चेंडू समोरच्यांना दिसायचा नाही. चौथीत दिसायला लागायचा आणि पाचवीत पोरी बेसवर चालत जायला लागायच्या. हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मावशी कॅप्टनची बाजू घ्यायची. "पोर गुणाची हाय. हरली तरी कुणावर वरडत न्हाई. कॅप्टन आसंच पायजे."

"मी कुठं न्हाई म्हणतोय?" आबा म्हणायचे. "पर एकानंच गाडी चालवायची आन त्यानंच तिकिटं फाडायची, आसं किती लांब जाणार? कॅप्टन ऱ्हाऊ दे तिला. चौथ्या पाळीनंतर चेंडू दुसरीच्या हातात द्या."

दुसरी होती. ती वस्तीवरची, बारीक अंगाची, डावरी पोर. तिच्या चेंडूला वेग नव्हता. पण चेंडू यायचा सरळ आणि समोर पोचता पोचता खाली बसायचा. कॅप्टनच्या वेगाची सवय झालेल्या पोरी त्या संथ चेंडूवर आधीच दांडकं फिरवून मोकळ्या व्हायच्या. सरावात मी हे कितीदा पाहिलं. सामन्यात मात्र सर तिला बसवून ठेवायचे.

शाळेतले सगळे हातमोजे डाव्या हातात घालायचे. डावरीला तो उजव्या हातात हवा. ती बिचारी उलटा घालून अंगठ्याच्या जागी करंगळी कोंबायची. शेवटी आबांनी ट्रॅक्टरच्या जुन्या सीटचं रेक्झिन आणलं, मी आत स्पंज घालून जाड दोऱ्यानं तिला उजव्या हाताचा मोजा शिवून दिला. मशीनच्या तीन सुया मोडल्या. सर बघून म्हणाले, "हे नियमात बसत नाही." आबा म्हणाले, "मग नियमात बसणारा आणून द्या." सरांनी आणून दिला नाही आणि पुन्हा काही बोललेही नाहीत.

ती वस्तीवरची होती म्हणून सर तिला बसवायचे का? मावशीला तसं वाटायचं. एकदा ती म्हणाली, "तोंडानं काय बोलत न्हाईत त्ये. बोलायची गरजच न्हाई पडत." मला तेव्हा खात्री नव्हती, आजही नाही. सर वेगाचे भक्त होते आणि एकदा ठरवलं की बदलायचे नाहीत, हेही खरंच होतं. पण एक गोष्ट खरी. बाकीच्या पोरींना चुकायला जागा होती, तिला नव्हती.

दुसऱ्या वर्षी संघ तालुक्यात जिंकला. पुढची स्पर्धा मंचरला होती. नवे गणवेश माझ्याकडं शिवायला आले. मी एकेकीचं माप घेतलं. डावरीला चौदा नंबर. आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सर दुकानात आले, म्हणाले, चौदा नंबर जरा मोठा करा, दुसरी मुलगी येणार आहे. दुसरी म्हणजे शाळेच्या संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्याची मुलगी. मैदानावर मी तिला फार तर चार वेळा पाहिली होती, त्यातल्या तीन वेळा ती सावलीत होती.

तेव्हा ते कात्रीचं बोलणं झालं. सर म्हणाले, "मग मी शर्ट दुसरीकडं शिवून घेतो." मी म्हटलं, "घ्या. पण यादीतून तिचं नाव का काढलं, ते मला सांगून जा. चौथ्या पाळीनंतर कोण टाकणार?"

"संघ मी निवडतो," सर म्हणाले.

"निवडा की. पण बघणारे आमी हाय न्हवं?" हे आबांनी स्टुलावरून म्हटलं.

सर गेले. आबांनी पायात चप्पल घातली. मावशीनं टोपली माझ्या दुकानात ठेवली. आम्ही तिघं रस्ता ओलांडून सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. माझ्या गळ्यात टेप तसाच होता. शाळेत पालक यायचे, पण आमच्यापैकी कुणाचंच मूल त्या संघात नव्हतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "आपण कोणाचे पालक?"

मावशी म्हणाली, "सगळ्या पोरींचं."

मुख्याध्यापक भांडणाला कंटाळणारे गृहस्थ होते. त्यांनी सरांना बोलावलं, यादी मागवली. यादीत आणखी एका नावाला जागा होती, ती सरांनी मोकळीच ठेवली होती. मुख्याध्यापकांनी डावरीचं नाव पुन्हा लिहायला लावलं. म्हणजे दोघीही जाणार. सर लाल झाले होते. दारातून बाहेर पडताना मला म्हणाले, "नेईन तिला. खेळवीन असं कोणी सांगितलं?"

घरी नवरा चिडला. "शाळेचं काम जाईल. तुला काय पडलंय गं त्या बेसबॉलचं?" मी म्हटलं, जाऊ दे. त्या संध्याकाळी मी चौदा नंबर डावरीच्या मापानं पूर्ण केला आणि पदाधिकाऱ्याच्या मुलीसाठी पंधरावा शर्टही शिवला. तिच्यावर माझा राग नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही नारायणगावहून एसटी धरली. आबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळ्या रस्ताभर त्याच्या गिअर बदलण्यावर नाराज. मावशीनं पोरींसाठी पेरू घेतलेले. मंचरच्या मैदानावर आम्ही चुन्याच्या रेघेला लागून बसलो.

पहिला सामना पुण्याच्या एका शाळेशी. त्यांच्या पोरींचे बूटसुद्धा एकसारखे. पण कॅप्टननं पहिल्या तीन पाळ्यांत त्यांना हलू दिलं नाही, आणि आमच्या पोरींनी मारलंही छान. चार पाळ्या संपल्या तेव्हा आम्ही सात, ते तीन. मावशीच्या डोळ्यांत पाणी. आबा मात्र बोटं मोडत बसलेले. "झाली चौथी," ते म्हणाले.

पाचवी सुरू झाली आणि कॅप्टनचा हात पडला. पहिली पोर चालत गेली. दुसरी चालत गेली. तिसरी कशीबशी बाद झाली. चौथीनं असा फटका मारला की दोघी घरी आणि ती स्वतः दुसऱ्या बेसवर. पुढची पुन्हा चालत. मग आणखी एक धाव. सात-सहा.

"सर, बदला!" मी ओरडले. आबा उभे राहिले, "बदला तिला, पोरीचा हात मोडंल!" सर आमच्याकडं बघेनात. कॅप्टनला ओरडून सांगायला लागले, "कॅप्टन आहेस तू! उभी राहा!"

कॅप्टननं चेंडू हातात घेतला, पुसला, सरांकडं पाहिलं. मग पंचांना थांबायची खूण करून ती मैदान सोडून चालत सरांकडं आली. आम्ही जवळच होतो, म्हणून ऐकू आलं.

"सर, तिला द्या."

"जा, टाक."

"माझा हात उचलत नाही, सर. मी कॅप्टन आहे ना? मग मी सांगते, तिला द्या."

ती सरांशी कधी वर मान करून बोललेली आम्ही पाहिली नव्हती. तिनं चेंडू सरांच्या हातात दिला नाही. बाकावर बसलेल्या डावरीच्या मोज्यात ठेवला आणि स्वतः पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. सरांना पंचांकडं जाऊन बदल सांगावाच लागला.

डावरीनं पहिला चेंडू टाकला आणि समोरचीनं दांडकं इतकं आधी फिरवलं की ती स्वतःभोवती फिरली. मावशी इतक्या जोरात हसली की पंचांनी वळून पाहिलं. दोघी बाद. पाळी संपली. सहाव्या पाळीत तिघीही बाद, एकही बेसवर नाही. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवून घेतले. पुण्याचे पालक आमच्याकडं बघत होते. बघू देत.

शेवटची पाळी त्यांची होती. आम्ही अजून एकानं पुढं. आणि तेवढ्यात सरांनी आणखी एक बदल केला. उजव्या बाजूला लांब उभी असलेली आमची चांगली पळणारी पोर बाहेर काढली आणि तिथं पदाधिकाऱ्याच्या मुलीला पाठवलं. तीही खेळली असं कागदावर यायला हवं होतं.

"आत्ता?" मी म्हटलं.

त्यांच्या दोघी बाद झाल्या. दोघी बेसवर होत्या. डावरीचा चेंडू खाली बसला, दांडक्याच्या कडेला लागला आणि आकाशात उडाला, उजवीकडं, सावकाश, कुणीही घ्यावा असा. त्या मुलीनं दोन्ही हात वर केले. चेंडू तिच्या मोज्यात पडला आणि बाहेर आला. दोघी घरी पोचल्या. आम्ही सात, ते आठ.

ती मुलगी मैदानात बसून रडायला लागली. तिच्याकडं सगळ्यात आधी कोण गेलं असेल तर डावरी. मावशीनं नंतर दोघींना पेरू दिले. सर आमच्याजवळून जाताना म्हणाले, "पाहिलंत? पिचर बदलला आणि हरलो."

त्यावर आबा त्यांच्या मागं चालत गेले असते, मी हात धरला.

पुढच्या जूनपासून शाळेचे गणवेश माझ्याकडं आले नाहीत. नवऱ्यानं मी म्हटलं होतं ना, असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. मला ब्लाउजचं काम पुष्कळ होतं. मैदानही समोरच होतं, ते कोणी उचलून नेलं नव्हतं. कॅप्टन दहावी होऊन गेली. त्या वर्षी पहिल्या पाळीपासून डावरी टाकायला उभी राहिली. सरांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. ती शाळा संपेपर्यंत टाकत राहिली. आता चाकणच्या एका कारखान्यात आहे. सणाला वस्तीवर आली की दुकानात डोकावते.

सर निवृत्त झाल्यावर, दोन हजारच्या पुढं, एकदा पँटची शिवण उसवली म्हणून माझ्याकडंच आले. आबांच्या शेजारी बाकावर बसले. चहा आला. काही वेळ पावसापाण्याचं झालं आणि मग सर स्वतःच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मधे पडला नसता तर कॅप्टननं ओढून नेला असता सामना."

"तिचा हात उचलत न्हवता," आबा म्हणाले.

"उचलला असता."

मी शिवण घालत होते. म्हटलं, "सर, ते राहू द्या. सातव्या पाळीत पळणारी पोर बाहेर काढून त्या पदाधिकाऱ्याच्या मुलीला कशाला उभी केलीत?"

सर म्हणाले, "कॅच काय, कोणाच्याही हातून सुटतात."

"सुटतात. पण तिला तिथं उभी कोणी केली?"

सरांनी कपातला चहा फिरवला. बाहेर मैदानात पोरींचा सराव चालू होता, तिकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हा विषय सोडावा, माणूस म्हातारा झालाय.

मी मशीन थांबवलं आणि पुन्हा विचारलं.