गेज जातो, बोल्ट जात नाही

१२ मार्च १९४६, मंगळवार. ऊन कडक, वारा अजिबात नाही.

नांगराच्या कारखान्यात तपासनीस तयार करायचं काम ज्याच्याकडे येतं, त्याला रोजनिशीचं पान कधी पुरत नाही. यंदा सांगलीच्या आमच्या कारखान्यात माझ्या हाताखाली तिघे होते. तीन महिने शिकायचं, मग परीक्षा. पास झाला तो कायम.

वाईचा दिगंबर भिक्षुकाच्या घरातला. चांगल्या फाळावर खडूनं खूण कर म्हटलं, तर हा स्वस्तिक काढून वर चार ठिपके द्यायचा. दुपारपर्यंत जेमतेम तीस फाळ! नुसती फुली मार म्हणालो. तर म्हणतो, "चांगल्या वस्तूवर फुली कशी मारू, मास्तर?"

तासगावकडच्या म्हादबाची अडचण वेगळी. त्याचे सख्खे मामाच ओतकाम करायचे. तडा गेलेला फाळही तो हळूच पास करी. मी चांगला झापला. दुसऱ्या दिवशी गडी आधी मामांच्या पाया पडला, मग त्यांचे पाच फाळ नापास केले. मामा तीन दिवस त्याच्याबरोबर जेवले नाहीत.

तिसरा कोरेगावचा नामदेव, पलटणीतून परतून आमच्या भट्टीवर लागलेला. भट्टीच्या धुरानं त्याला खोकला जडला होता आणि डॉक्टरनं भट्टीवरचं काम बंद करायला सांगितलं होतं. नापास झाला तर पुन्हा भट्टीच.

आज त्याची परीक्षा. वीस फाळ मांडले, त्यात बोल्टचं भोक लहान पडलेले तीन मीच मिसळले होते. साहेब शेजारी उभे. नामदेवानं वीसच्या वीस नापास केले!

साहेब माझ्याकडे बघायला लागले. भोक तपासायची पोलादी दांडी, म्हणजे आमचा गेज, मी एका चांगल्या फाळात घातला. सरळ आत गेला.

"नामदेव, गेज जातोय. दिसतंय ना?"

"व्हय मास्तर, गेज जातोय. पन बोल्ट जात न्हाई." त्यानं खोक्यातला कोरा बोल्ट लावून दाखवला. अडला. "शेतकऱ्याला आपुन बोल्ट देतो, का गेज?"

साहेबांनी गेज मोजायला लावला. झिजून बारीक झालेला. चार वर्षं रोज सकाळी पॉलिशपेपरनं मीच तो घासून लख्ख ठेवत होतो.

नामदेव पास, उद्यापासून कायम. मी पास करून पाठवलेले एकशे चाळीस फाळ लोणंद स्टेशनावरून परत मागवले.