टेम्पो सोडून अंबाजोगाई

पैसे भरून सायकल चालवायला जायचं ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली, "रस्ता सरकारचा, सायकल तुमची, पाय तुमचे. मग त्यांना पैसे कशाचे?"

उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. ज्या अंबाजोगाईत मी शिकलो तिथं बीडहून एकदा सायकलनं जायचं, असं मी वीस वर्षं बोलत होतो. तीनदा एकटा निघालो आणि तिन्ही वेळा मांजरसुंब्याचा घाट चढून, वर चहा पिऊन, उताराच्या मोहानं घरी परतलो. आता डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे उजेडात धरून म्हटलं होतं, "यंदा चालतील. पुढचं काही सांगत नाही." चारचौघं सोबत असली की लाजेखातर तरी माघारी फिरता येत नाही. पैसे त्या लाजेचे होते.

मोहीम एका सहकारी पतसंस्थेची. विषय पाणीबचत. त्या उन्हाळ्यात टँकर आल्याशिवाय गावांची चूल पेटत नव्हती, आणि अशा लोकांना पाण्याचं महत्त्व पटवायला आम्ही तीसजण निघालो होतो. पहिल्याच गावात हंड्यांच्या रांगेशेजारून आम्ही "पाणी वाचवा!" असं ओरडलो. एक म्हातारी म्हणाली, "कोन्तं रे? दाव की आधी."

वाटेतल्या प्रत्येक गावात सोसायटी होती आणि प्रत्येक सोसायटीला चेअरमन. सत्कार न करता आम्हाला सोडणं म्हणजे शेजारच्या गावापुढं मान खाली घालणं. फेटा, शाल, नारळ, भाषण. "खडतर प्रवास पूर्ण केल्याबद्दल" आमचं पहिलं अभिनंदन झालं तेव्हा बीडची पाण्याची टाकी अजून मागे दिसत होती. एका गावात चेअरमनच सापडेनात. तासाभरानं कळलं, ते मागच्या गावात आमचा सत्कार बघायला गेले होते आणि तिथंच जेवायला थांबले होते.

फेटे काढायला संस्थेच्या सचिवांची मनाई होती. नेकनूरपर्यंत माझ्या हँडलला पाच नारळ लटकले आणि सायकल आपसूक डावीकडे वळू लागली. कॅरिअरवर शालींचा एवढा ढीग झाला, की एका बाईनं भाव विचारला.

केजला पोचलो तेव्हा चार वाजले होते. सचिवांनी दोन टेम्पो बोलावून ठेवले होते.

"चला, सायकली वर टाका. समारोपाचे पाहुणे येऊन बसलेत. त्यांना तिथून एका तेराव्याला जायचंय."

"मी सायकलनं येतो," मी म्हणालो.

"सर, प्रमाणपत्रावर 'अंतर पूर्ण केले' असं छापून तयार हाय. कावून जीवाला त्रास?"

"एकदा चालवून बघतो."

"लई हट्टी बुवा तुमी," असं म्हणत त्यांनी माझे नारळ तेवढे टेम्पोत ठेवून घेतले.

टेम्पो गेले. ज्या सोबतीसाठी पैसे भरले होते ती धुरळा उडवत पुढं निघून गेली. आता परत फिरलो असतो तरी बघायला कुणी नव्हतं. पण बीड आता अंबाजोगाईपेक्षा लांब पडत होतं. पैसे वाया गेले का, असं अजून कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. फुकटात मी केजपर्यंत कधीच आलो नसतो. पुढचा रस्ता मात्र फुकट होता. दोन चढ सायकल हातात धरून चाललो. तिसऱ्याला उतरलो नाही.

अंबाजोगाईत दिवे लागले होते. समारोपाच्या मैदानात मंडपवाला एकटाच खुर्च्या एकात एक घालत होता.

"कार्यक्रम संपला. सायकलवाले जेवून गेले."

"मीही सायकलवालाच."

त्यानं सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चालवत आलात?"

"हो."

"कावून? टेम्पो चुकला का?"

मी सायकल मंडपाच्या खांबाला टेकवली. त्यानं चळतीतली एक खुर्ची काढून माझ्यासमोर ठेवली. मी बसलो. गुडघे बराच वेळ थरथरत होते, आणि मी त्यांच्याकडे कौतुकानं बघत होतो.