कायमचा निघालेला सिरिल

सिरिल ऑर्मेरॉड मेव्हिसच्या आयुष्यात आला तो वरून. आधी त्याचा उजवा बूट आला, मग गुडघा, मग शंभर वर्षांच्या चुन्याचे पोपडे, दोन मेलेली कबुतरं आणि गिरण्यांच्या काजळीचा एवढा मोठा लोट, की बेथेल चॅपलच्या गायनवृंदातल्या पुरुषांना प्रभूचं पुनरागमन झालं असंच वाटलं. एकजण तर तिथल्या तिथे गुडघे टेकून पापांची कबुली देऊ लागला. ती त्याच्या बायकोने ऐकली, आणि ते प्रकरण पुढे कित्येक वर्षं चाललं. वास्तविक घडलं होतं एवढंच, की छपरावर कौलं बसवणाऱ्या सिरिलचा पाय सडक्या फळीवर पडला होता.

छतातून लोंबणाऱ्या त्या बुटाकडे सगळे आ वासून बघत असताना पहिल्या रांगेतली मेव्हिस म्हणाली, "काय हो, येताय की जाताय?"

"जातोय," वरून आवाज आला. "ऑस्ट्रेलियाला."

मेव्हिस हसली, आणि हसली ती फसली.

सिरिल थाप मारत नव्हता. त्या काळात अख्खं हॅसलशॉ ऑस्ट्रेलियाला निघालेलं होतं. इंग्लंडच्या लँकशर परगण्यातलं हे गाव म्हणजे एक टेकडी, सात गिरण्या आणि त्यांच्यावर बारमाही झिमझिमणारा पाऊस. नोकरी कचेरीच्या भिंतीवर मोठं चित्र लावलेलं होतं: निळा समुद्र, पिवळी वाळू, आणि तिच्यावर बत्तिशी दाखवत उभं असलेलं एक कुटुंब. हॅसलशॉत एवढे दात एका घरात कुणी पाहिले नव्हते. दहा पौंडांत बोटीचं तिकीट मिळायचं. 'ब्लू बेल' पबमध्ये जो उठे तो ऑस्ट्रेलियाला निघे, आणि पब बंद व्हायची घंटा झाली की घरी जाई.

किती ब्रिटिशांना देश सोडावासा वाटतो याचे आकडे पेपरात येत. कधी चढत, कधी उतरत. हॅसलशॉला ते वाचायची गरज नव्हती. नोव्हेंबरात सगळं गाव निघालेलं असे. मे महिन्यात जरा ऊन पडलं, की तीच माणसं अंगणात खुर्ची टाकून टोमॅटोसारखी लाल होत म्हणत, "याहून चांगला देश दाखव बघू मला!" सिरिलचा ताप मात्र मे महिन्यातही उतरत नसे.

लग्नानंतर दोघं आल्मा स्ट्रीटच्या टोकाच्या घरात राहायला आली. पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याने धुराड्याजवळची कौलं सरकली आणि झोपायच्या खोलीत पाणी टपकू लागलं. मेव्हिसने खाली इनॅमलचा टोप ठेवला.

"सिरिल, शिडी लाव की रे जरा."

"अगं, वसंतात निघायचंय आपल्याला. मागून येणाऱ्या माणसासाठी मी कशाला फुकट राबू?"

सिरिलच्या हाताखालून गेलं नाही असं एकही छप्पर गावात नव्हतं. शाळा कोरडी होती, चॅपल कोरडं होतं, नगराध्यक्षांची कबुतरंसुद्धा कोरडी झोपत. गळत होतं ते फक्त कौलं बसवणाऱ्याचं घर.

एका वर्षी मात्र तो खरंच निघाला. मँचेस्टरला मुलाखत झाली. कौलं बसवणारी माणसं तिकडे हवीच होती. ब्लू बेलमध्ये निरोपाचा समारंभ झाला. गावाच्या रिवाजाप्रमाणे टोपी फिरली, वर्गणी जमली आणि तिच्यातून चामड्याची एक देखणी सुटकेस आली. सिरिलचा जिवलग दोस्त वॉल्टर एंटविसल टेबलावर उभा राहून भाषण करताना रडला, त्याला बघून सिरिल रडला, आणि दोघांना आवरता आवरता पबवालाही रडला.

आठ दिवसांनी सिरिलची म्हातारी आई शेगडीजवळच्या खुर्चीतून म्हणाली, "माझं काही मनाला लावून घेऊ नका हं. तळघरातून कोळसा आणेन मी वर. एका हाताने आणेन."

तिचे दोन्ही हात धडधाकट होते. पण सिरिलने तिकिटं पुढे ढकलली. आधी शरद ऋतूपर्यंत, मग पुढच्या वर्षापर्यंत. म्हातारी अकरा वर्षं कोळसा आणत राहिली.

आता हॅसलशॉत एक वेळ चोराला माफी होती, पण निरोपाची सुटकेस घेऊन मागे राहिलेल्याला नव्हती. सिरिल पाव आणायला निघाला, की दारादारातून विचारणा होई, "काय, अजून आहेस?" ब्लू बेलमध्ये शिरला, की वॉल्टर ओरडे, "अरे बघा, ऑस्ट्रेलियाहून पाहुणे आले!" सगळे हसत. सिरिलही हसे, आणि म्हणे, "पुढच्या वसंतात, बघाच." त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं?

पुढे वॉल्टर स्वतःच ऑस्ट्रेलियाला गेला, आणि दोन वर्षांत परत आला. "माश्या!" एवढाच शब्द त्याने पहिला आठवडाभर उच्चारला. दुसऱ्या आठवड्यात तपशील आला. तिकडे चहा पांचट, बटाटा भरलेल्या 'पाय'वर ग्रेव्ही नाही, आणि नाताळ ऐन उन्हाळ्यात, त्याच्या जेवणाला बनियन घालून बसायचं. त्या एका माणसाने आल्मा स्ट्रीटचा ताप असा उतरवला, की तीन वर्षं कुणी नकाशाकडे बघितलं नाही. मग खाणकामगारांचा संप झाला, वीज जायला लागली, लोक मेणबत्तीच्या उजेडात कोट घालून सूप पिऊ लागले, आणि पुन्हा निम्मा पब निघाला. या वेळी कॅनडाला. त्यानंतर न्यूझीलंडची हवा आली. सिरिल दर खेपेला सगळ्यांच्या पुढे असे. देश बदलत गेले, टोप तोच राहिला.

मेव्हिसचा खोकला याच सुमाराला वाढला. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ती गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होती. डॉक्टर व्हिटेकरांनी तिची छाती तपासली आणि सिरिलला समोर बसवलं.

"हे बघ सिरिल, कापसाच्या धुळीने हिची निम्मी फुफ्फुसं खाल्लीत. उरलेली ओल खाईल. हिला कोरड्या देशात ने, नाहीतर निदान कोरड्या खोलीत झोपव. दोन्हींतलं काहीतरी कर, पण लवकर कर."

घरी येताना सिरिलच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. "ऐकलंस ना? डॉक्टरसुद्धा म्हणाले, कोरडा देश!"

"खोलीही म्हणाले ते," मेव्हिस धापा टाकत म्हणाली.

"अगं, देश मिळाला की खोली त्यात आलीच!"

पण त्या रात्री तो झोपला नाही. टोपात थेंब पडत होता, आणि दोन थेंबांच्या मधे मेव्हिस खोकत होती. कौलं त्याच्या मागच्या अंगणातच रचून ठेवलेली होती. अडचण कौलांची नव्हती. दुसऱ्याच्या छपरावर चढणं हा धंदा होता. आपल्या छपरावर चढणं म्हणजे आपण इथलेच, इथेच राहणार आणि इथेच मरणार, हे साऱ्या गल्लीला शिडीवरून ओरडून सांगणं होतं.

तरी त्या रविवारी त्याने शिडी लावली. स्वच्छ दिवस होता. मेव्हिस खिडकीत येऊन उभी राहिली. सिरिल कौलं काखेत धरून निम्मी शिडी चढला असेल-नसेल, तोच समोरच्या फुटपाथवरून वॉल्टरचा आवाज आला.

"काय रे सिरिल! छप्पर दुरुस्त करतोयस? म्हणजे जात नाहीस तर! अहो, ऐकलंत का सगळ्यांनी? सुटकेस परत घ्या याच्याकडून!"

दारं उघडली. चॅपलहून परतणारी माणसं थांबली. कुणीतरी टाळी वाजवली. सगळं कसं प्रेमाने चाललं होतं. हॅसलशॉत माणूस आवडला नाही तर त्याची कुणी चेष्टा करत नसे.

सिरिल शिडीवरूनच वळला. "छे रे," तो म्हणाला, "पन्हळीत घरटं आहे का तेवढं बघत होतो." आणि खाली उतरला.

मेव्हिस खिडकीतून बाजूला झाली. त्या दिवसानंतर तिने शिडीचा विषय काढला नाही. पलंगाखालच्या सुटकेसला आतून हिरवी बुरशी आली होती. ती तिने पुसली, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पुसली.

वर्षं गेली. सिरिलचं वय वाढलं तसे दूरदेशांचे दरवाजे एकेक करून लागले. या वयात कौलं बसवणारा आम्हाला नको, असं त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत कळवलं. मग शेवटची गिरणी बंद पडली, आणि आता सगळं गाव निघालं ते स्पेनला. सिरिलने स्पेनची रंगीत पत्रकं आणली. त्यांतही तोच समुद्र होता, तीच वाळू होती. दात फक्त म्हाताऱ्यांचे होते.

त्याच जानेवारीत मेव्हिसला दवाखान्यात हलवावं लागलं. सिरिल पत्रकं घेऊन तिच्या खाटेशी जाऊन बसला.

"कशी आहेस?"

"इथे झोपच येत नाही रे. टपटप नाही ना."

"एप्रिलमध्ये निघू आपण. पक्कं. हे बघ, या गावात वर्षभर ऊन असतं."

मेव्हिसने पत्रक हातात घेतलं, आणि न बघताच पांघरुणावर ठेवलं. बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"सिरिल, येतोयस की जातोयस?"

त्याला हसू आलं. तिला आलं नाही.

"मला कुठे कुठे नेऊ नकोस आता," ती म्हणाली. "घरी ने. पण आधी ते कौल बसव."

"बसवतो. उद्याच बसवतो."

या वेळी तो खरं बोलत होता. घरी जाऊन त्याने शिडी काढली, कौलं मोजून ठेवली, आणि वॉल्टर बघतोय की नाही हे पाहिलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी पाऊस होता. ओल्या कौलावर पाय ठेवायचा नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. चार माणसं त्याच्या डोळ्यांदेखत घसरली होती. म्हणून तो दारात उभा राहून पाऊस थांबायची वाट बघत राहिला. तिसऱ्या दिवशीही पाऊस होता. चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून निरोप आला, तेव्हाही होता.

चॅपलमध्ये ज्या जागी एकदा बूट लोंबला होता, तिच्या बरोबर खाली मेव्हिसची शवपेटी ठेवली होती. नंतर आलेल्यांसाठी थंड हॅम आणि चहा झाला. वॉल्टर बशीकडे बघत बसला होता. निघताना त्याने सिरिलचा दंड धरला, आणि टोपी घालून निघून गेला. अजून आहेस का, असं त्या दिवशी सिरिलला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. सिरिलने शिडी लावली आणि वर चढला. दोन कौलं सरकली होती. काम अर्ध्या तासाचं निघालं.

त्या घरात तो आणखी सतरा वर्षं राहिला. छप्पर गळलं नाही.