नागपूरला न गेलेला नातू

‘मम्मी, अण्णा गिर गए हैं... मिश्रा आंटी को बुलाऊँ? पर मैं तो नागपुर में हूँ ना?’

ऑफिसात आलेला हा फोन अजून कानातून जात नाही. माझा मुलगा मिहीर मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमध्येच, जमिनीवर पडलेल्या आजोबांशेजारी उभा होता. त्याआधी दोनदा त्याचा फोन मी कापला होता, मीटिंग चालू होती म्हणून. ‘अरे बोलाव, लगेच बोलाव!’ मी ओरडले. शेजारच्या मिश्रा वहिनी धावत आल्या. मिहीरला समोर पाहूनही त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. माझे सासरे, अण्णा, दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले.

त्याच आठवड्यात मिहीरनं वर्गातल्या एका मुलाला जिन्यात ढकललं होतं. त्या मुलाचा दात पडला आणि शाळेनं मिहीरला आठवडाभर सस्पेंड केलं. चूक मिहीरचीच होती. मी मात्र कॉलनीत सांगून टाकलं, तो आत्याकडे नागपूरला गेलाय. इथे उत्तरेत आम्हा मराठी लोकांचं हे बरं असतं, काही झाकायचं असलं की माणसाला ‘गावाला’ धाडता येतं, तिथे बघायला कोण जातंय! मग पोराला घरात कोंडलं, टीव्हीचा आवाजही बंद.

अण्णा भलतेच फटकळ. चौकातल्या कपड्यांच्या दुकानदाराला त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर ‘शिवण उसवली आहे’ म्हणून सुनावणारे. मला म्हणाले, ‘भांडण शाळेत झालं, तर निस्तरायचं पण शाळेतच ना, वीणा? त्या पोरासमोर उभं करा, माफी मागू द्या, त्याचं दप्तर वाहू द्या. घरी धाडून काय शिकवलं याला? लपायला?’

‘शाळेचं राहू द्या,’ मी फणकारले. ‘तुम्ही तेवढं बाहेर तोंड उघडू नका.’

आणि त्यांनी नाही उघडलं... मिश्रा वहिनींनी विचारलं तेव्हा ‘हाँ, बुआ के यहाँ गया है’ म्हणाले आणि आत आले. दुपारी दोघं कॅरम खेळायचे, सोंगटीचा आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू मारत, आणि त्याचंच हसू येऊन तोंडावर हात धरत.

‘लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला नसता,’ डॉक्टर म्हणाले. असेलही. शाळेनं मुलाला घरी पाठवलं आणि मी त्याला घरातही असू दिलं नाही, याची लाज डॉक्टरांच्या बोलण्यानं कमी होत नाही. अण्णा म्हणत होते ते शाळेत जाऊन बोलायला हवं, पण कुठल्या तोंडानं बोलू?

अण्णांची वेताची खुर्ची गॅलरीत तशीच आहे. संध्याकाळी तिथून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे. मिहीरची शाळा केव्हाच सुरू झाली. काल मी त्याला म्हटलं, ‘जा ना, बस अण्णांच्या खुर्चीत. छान वारा आहे.’

तो गेला, दार जरासं उघडून खाली पाहिलं आणि मागे सरला.

‘नीचे मिश्रा आंटी हैं,’ तो कुजबुजला. ‘वो चली जाएँ, फिर बैठूँगा।’