आत्या, मामा आणि साडेआठची मालिका

ती मालिका साडेआठला सुरू व्हायची आणि पहिली जाहिरात लागली की शेजारच्या सिंधी आंटी आमची बेल वाजवायच्या. "आज का देखा क्या? बिलकुल तुम्हारे घर जैसा," असं उंबऱ्यातूनच सांगायच्या आणि जाहिरात संपायच्या आत परत पळायच्या. आम्ही पाहत नव्हतो हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्या सांगायला यायच्या.

मालिका विनोदी होती. म्हणजे मागे हसण्याची टेप होती, त्यामुळे ती विनोदी आहे हे कळायचं. एका मोठ्या घरात तीन पोरकी मुलं, त्यांचा एक अविवाहित काका आणि एक अविवाहित मावशी. मुलांसाठी दोघं एकत्र राहतात, उठता-बसता भांडतात, आणि भांडता भांडता त्यांचं जमणार हे पहिल्या भागापासून शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकाला चहा करता येत नाही, टेप हसते. मावशी धाकट्याचा डबा काकाच्या ऑफिसच्या बॅगेत टाकते, टेप पुन्हा हसते. मुलांना ताप येत नाही, उवा होत नाहीत. दर भागात एकदा त्यातलं एखादं पोर असं काही बोलतं की मोठ्यांचे डोळे भरून येतात आणि पियानो वाजतो. माझा भाऊ सात वर्षांचा असताना जे सर्वांत खोल बोलला होता ते असं, की डब्यात शेंगदाण्याची चटणी देऊ नका, कारण बाकावरचा मुलगा ती सगळी खातो.

आमच्या घरात बाजू फक्त उलट होती. आत्या बाबांची मोठी बहीण, मामा आईचा धाकटा भाऊ. आई-बाबा एकाच अपघातात गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि भाऊ सात महिन्यांचा. चौदाव्या दिवशी मोठी माणसं बसली आणि आमचं ठरलं. मुलगा घराण्याचा, तेव्हा तो बदलापूरकडच्या गावी थोरल्या काकांकडे. मुलगी मामाकडे, कारण तिची इंग्रजी शाळा अंबरनाथला. आत्या तोवर आत पोळ्या लाटत होती. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "पोरं वेगळी होणार नाहीत. मी जाते अंबरनाथला." तिचं लग्न झालेलं नव्हतं, गावच्या घरी तिच्यावाचून फार अडणारही नव्हतं, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. चार दिवसांनी ती एक पत्र्याची पेटी घेऊन मामाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. अंबरनाथ पूर्वेला दुसरा मजला, दोन खोल्या. आतली आत्याची आणि आमची, बाहेरची मामाची.

दोघं एकमेकांना आमच्याच नात्याने हाक मारायची. "अहो मामा, गॅस संपत आलाय." "अहो आत्या, आज मला सेकंड शिफ्ट आहे." बिल्डिंगही त्यांना आत्या आणि मामाच म्हणायची. मामा एका कंपनीत मशीनच्या वायरिंगचं काम करायचा. पहिल्याच महिन्यात तो माझ्या वेण्या घालायला शिकला, कारण आत्याची सकाळ बाळाला न्हाऊ घालण्यात जायची. त्याने घातलेल्या वेण्या संध्याकाळपर्यंत एका केसानेही सैल व्हायच्या नाहीत. हे करताना कोणी हसलं नाही. शाळेत 'माय फॅमिली' हा निबंध मी चार ओळींत आटोपला, आणि मॅडमनी वहीवरून हात फिरवून "सो ब्रेव्ह" म्हटलं तेव्हा मला त्यांची कीव आली.

तर अशी अकरा वर्षं गेली आणि कोणाला काही वाटलं नाही. मग ती मालिका आली आणि सगळ्यांना एकदम वाटायला लागलं.

आधी ते कौतुकच होतं. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे हसून बघायच्या. भावाला खालची मुलं मालिकेतल्या धाकट्याच्या नावाने हाक मारायची आणि त्याला ते आवडायचं. तो सहावीत होता, त्याला काहीही आवडायचं. मग कौतुकाला वळण लागलं. मामा भाजी घेऊन आला की जिन्यात कोणीतरी विचारायचं, "आज काय, मेथी? त्यांनी सांगितली वाटतं?" हे 'त्यांनी' अगदी त्या मालिकेतल्यासारखं उच्चारायचे. मामा प्रामाणिकपणे उत्तर द्यायचा, "नाही, पालक." त्याला अकरा वर्षांत कधी संशय घ्यायची गरजच पडली नव्हती.

डिसेंबरात मालिकेत लग्न झालं. पूर्ण आठवडा चाललं. हळदीचा एक भाग, मेंदीचा एक. सप्तपदीला तिन्ही पोरं मागे कुर्ते घालून उभी, आणि शेवटी मावशीने उखाणा घेतला. तो आठवडा आमच्या मजल्यावर दारं उघडी असायची आणि सगळ्या घरांतून एकच सनई ऐकू यायची. आंटी डोळे पुसत आल्या. "देखा, आखिर में बच्चों को माँ-बाप मिल गए ना."

आत्या म्हणाली, "त्यांना होते की आधी. फोटोत."

आंटींना ते कळलं नाही, किंवा त्यांनी कळून घेतलं नाही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सोसायटीचं हळदीकुंकू होतं, खालच्या हॉलमध्ये. आत्या दरवर्षी तिळगूळ वाटायच्या कामाला असायची, कारण तिच्या हातून कोणी सुटत नाही. मी तिच्यामागे वाण म्हणून द्यायच्या प्लास्टिकच्या डब्यांची पिशवी घेऊन उभी. मला अशा ठिकाणी हातात काहीतरी लागतं. उखाणे सुरू झाले. नव्या सुनांचे झाले, जुन्यांचे झाले, आणि मग सेक्रेटरींच्या बायकोने हाक दिली, "आत्या, आता तुम्ही."

"मी कोणाचं घेऊ?" आत्या म्हणाली. अगदी साधं.

त्यावर जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. कोणीतरी म्हणालं, "लाजतात बघा." कोणीतरी म्हणालं, "मालिकेतली पण अशीच लाजली होती." आत्या तिळगुळाचं ताट घेऊन तशीच उभी. तेव्हा सेक्रेटरीबाईंनीच तिच्या वतीने उखाणा घेतला. हळद आणि कुंकू आणि शेवटी मामाचं नाव. जुळवलेलाही नव्हता नीट. पण टाळ्या पडल्या, आणि समोरून तीन-चार मोबाइल वर आले.

आत्या हसली. चाळीसेक बायका तुमच्याकडे बघून हसत असतील आणि तुमच्या हातात ताट असेल, तर दुसरं काय करता येतं ते मला माहीत नाही. पण मी का हसले ते मला माहीत आहे. मला कोणाच्या नजरेत यायचं नव्हतं. त्या चौदा सेकंदांच्या व्हिडिओत डावीकडे मी आहे, पिशवी धरलेली, आणि माझे दात दिसतायत.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली लाल हृदयं. तिथून तो कोणाच्या तरी बहिणीकडे आणि तिच्याकडून बदलापूरला गेला. ग्रुपवर आमच्या घरातून मी होते. मी लिहायला घेतलं. मराठीत चार वेळा लिहून पुसलं, कारण मराठीत मी जे काही लिहीत होते ते विनवणीसारखं वाचलं जात होतं. शेवटी इंग्रजीत लिहिलं, बँकेच्या पत्रासारखं. परवानगीशिवाय केलेलं चित्रण, तात्काळ काढून टाकावं, एवढंच. पाच मिनिटांत व्हिडिओ गेला आणि सेक्रेटरींनी 'रिग्रेट' असा शब्द वापरून माफी मागितली. त्यांना पटलं होतं म्हणून नव्हे. इंग्रजीत बोललं की आमच्या सोसायटीत लोक सरळ बसतात. मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त तिटकारा आला.

पण गावाकडे गेलेला व्हिडिओ गावाकडेच राहिला. पुढच्या रविवारी थोरले काका आले. येताना पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शिजवायला, वालाच्या शेंगांची पिशवी आणली, म्हणजे ते रागावून आलेले नव्हते, ठरवून आले होते. बाहेरच्या खोलीत मामाच्या पलंगावर बसले. मामा खुर्चीत, आत्या स्वयंपाकघराच्या दारात, आम्ही दोघं आतल्या खोलीत, दार उघडं.

"कीर्तनाला बसलो होतो," काका म्हणाले. "मागून एक जण विचारतो, अक्षता कधी? मी म्हटलं कसल्या? त्याने मोबाइल पुढे केला."

"ती चेष्टा होती, दादा," आत्या म्हणाली.

"तू हसतेस त्यात."

"हसले."

काका म्हणाले, "आता पोरं मोठी झाली. पोरगी कॉलेजात आहे, ती हॉस्टेलात राहील. पोराला मी नेतो, गावात शाळा चांगली झालीये. तू घरी चल. तिघांची सोय झाली. ह्या पाहुण्यांनी इतकं केलं, त्यांनाही मोकळीक."

भावाने माझा हात धरला. तो धरण्याच्या वयाचा राहिला नव्हता.

"मीच जातो ना," मामा म्हणाला. "बुवापाड्यात कंपनीतल्या एकाची खोली आहे. मी तिथे राहीन. ही तिघं इथेच राहू देत."

"तुमचं घर सोडून तुम्ही जाणार?" आत्या त्याच्यावरच चिडली. "आणि नळाची मोटर कोण चालू करणार पहाटे?"

"मग एक करा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ झाला. "लावून टाकू. मी स्वतः लावून देतो. अहो, त्या टीव्हीतल्यांनी तरी काय केलं? शेवटी लग्नच केलं ना?"

माझे काका उभ्या पिकाकडे नुसतं बघून किती भात होईल ते सांगतात. माणसं त्यांच्याकडे बांधाचे तंटे घेऊन येतात. आणि आमच्या घराचा निकाल लावायला त्यांच्याकडे पुरावा होता तो हसण्याच्या टेपचा. मला वाटतं त्याच क्षणी मी त्या मालिकेचा खऱ्या अर्थाने तिरस्कार करायला लागले. तोवर ती मला फक्त बावळट वाटत होती.

आत्याने पदराला हात पुसले. "मामा, तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय?"

मामाच्या हातात चहा होता. त्याने विचार केला. खरंच केला, बोल्ट कितीचा बसेल याचा करतो तसा. "नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही. झालं, दादा."

"मग घरी चल."

"नाही."

"लोक बोलतात."

"हा सात महिन्यांचा होता तेव्हा मी इथे आले. तेव्हा मामा बत्तीस वर्षांचे होते. तेव्हा कोणी बोललं नाही, कारण तेव्हा पोरं कोणालाच नको होती. तेव्हा विचारायचं होतं मी झोपते कुठे. आता पोरं हातात आली, टीव्हीवर दाखवलं, तेव्हा सगळ्यांना आठवलं."

काका उठले. चपला घालताना म्हणाले, "मग आमच्या दारात येऊ नकोस. मला बोलणी नकोत." हे त्यांनी ओरडून म्हटलं नाही. आत्या जिन्यापर्यंतही गेली नाही. वालाच्या शेंगा तिने त्याच संध्याकाळी मडक्यात मीठ-ओवा घालून उकडल्या, आणि आम्ही चौघांनी बाहेरच्या खोलीत बसून खाल्ल्या. कोणी विनोद केला नाही.

फेब्रुवारीत गावच्या जत्रेचं बोलावणं आलं नाही. आत्या गेली नाही असं ते पहिलंच वर्ष. त्या दिवशी ती शिवमंदिरात जाऊन आली आणि येताना भावासाठी कलिंगड घेऊन आली. एवढंच. मालिका मार्चमध्ये बंद पडली. लग्न झाल्यावर दाखवायला काही उरलंच नव्हतं. तिच्या जागी सासू-सुनेची आली आणि आंटींनी आम्हाला सोडून तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवायला सुरुवात केली.

मे महिन्यात काकांचा फोन आला. आत्या ओट्याशी होती, मामा कामावर. फोन मी घेतला. आंबे उतरवलेत, म्हणाले, तुम्ही दोघं या आठवडाभर. गाडी पाठवतो.

"दोघं?" मी विचारलं.

"तू आणि तो."

मी फोनवर कमी बोलते. मोठ्यांशी तर हो-नाहीच्या पुढे जात नाही. ओट्यावर चाललेला सुरीचा आवाज थांबला होता, आणि भाऊ चप्पल शोधायचा थांबून माझ्याकडे बघत होता. त्याला आंबे हवे होते, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"आत्या येणार असेल तर तिघं येऊ," मी म्हणाले. "नाहीतर नाही."

"हे तिने शिकवलं तुला?"

"नाही. तिने सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जा."

काकांच्या मागे कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली आणि मग फोन ठेवला.

"मोठ्या माणसाचा फोन असा ठेवतात?" आत्या ओट्यावरून म्हणाली. "दोन शब्द बोलायचे. बरे आहात का, पाऊसपाणी कसं. काही शिकवलं नाही मी तुम्हाला?"

"मे महिना आहे, आत्या. कसला पाऊस."

"ते त्यांना विचारायचं," ती म्हणाली, आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.