माणूस नसलेला फोटो

नोव्हेंबर २००८मध्ये बँकेने हात आखडता घेतला आणि एमिरेट्समधल्या रास अल खैमाच्या डोंगरातल्या रिसॉर्टचं काम एका दुपारी थांबलं. आधी क्रेन गेली, मग मजुरांच्या बसगाड्या गेल्या, नंतर इंजिनियर एकेक करून गेले. उपेंद्र टिपणीस तेवढा मागे राहिला. आयुष्यभर प्लॅनिंग इंजिनियर म्हणून राबलेल्या या माणसाकडे आता एकच काम उरलं होतं. अजमानच्या घरून रोज सकाळी गाडी काढायची, डोंगर चढायचा, बंद साइटचा एक फोटो काढायचा आणि घरी येऊन तो ऑफिसला ईमेल करायचा.

काम हास्यास्पद होतं, पण विनाकारण नव्हतं. रिसॉर्टच्या मालकांचं आणि कंपनीचं भांडण जुंपलं होतं. मालकांनी काम थांबवलं, की कंपनीच साइट सोडून पळाली, एवढ्या एका मुद्द्यावर सगळं अडलं होतं. कंपनीत कॉन्ट्रॅक्टचं बघणाऱ्या गुणवंत देऊसकरांनी उपेंद्रला दुबईच्या देरा भागातल्या ऑफिसात बोलावून नीट समजावलं.

"जागा तीच, अँगल तोच. आपला बोर्ड दिसला पाहिजे, जनरेटर दिसला पाहिजे आणि माणूस दिसला पाहिजे. हेल्मेट घातलेला. माणूस नसेल तर आपण साइट सोडली असं होतं. कळलं ना, टिपणीस?"

"एवढ्यासाठी इंजिनियर कशाला हवा? वॉचमनही काढेल की."

"वॉचमनच्या फोटोला कोर्टात कोण विचारणार? आणि नको असेल तर तसं सांगा. घरी पाठवायच्या लोकांची यादी मीच करतोय."

उपेंद्रने तसं सांगितलं नाही. मुलगी शुभ्रा बारावीला होती आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. केंद्र शारजातली तिची शाळा. नोकरी गेली की त्याचा व्हिसा जाणार, त्याच्या व्हिसावर असलेल्या मायलेकींचाही जाणार, आणि महिन्याभरात देश सोडावा लागणार. मार्चपर्यंत तग धरायचा, बाकी पुढचं पुढे, असं त्याने आणि मृणालिनीने ठरवलं होतं. शुभ्राला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं.

साइटवर एका जुन्या पिंपात सिमेंट ओतून ठेवलं होतं. त्यावर कॅमेरा ठेवायचा म्हणजे अँगल बदलत नसे. समोर कंपनीचा बोर्ड, बाजूला ताडपत्रीखाली जनरेटर, मागे गंजलेल्या सळ्या बाहेर आलेले खांब, आणि मधोमध वॉचमन लियाकत. तो पाकिस्तानातल्या स्वातकडचा, उंच, दाढीवाला. हेल्मेट आणि पिवळं जॅकेट चढवून तो असा ताठ उभा राही, की जणू पासपोर्टचा फोटो काढतोय.

"साब, आज हंसूं क्या?"

"केस चल रहा है, लियाकतभाई. हंसना मना है."

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. कधीकधी बोर्डच दिसत नसे आणि ते विरेपर्यंत दोघं गाडीत हीटर लावून बसत. जानेवारीत पाऊस आला. वाडी, म्हणजे एरवी कोरडा पडलेला डोंगरातला ओढा, एका सकाळी दगडगोटे घेऊन रस्त्यावर उतरली. उपेंद्रने गाडी अलीकडेच सोडली, चपला हातात घेऊन ओढा पार केला आणि वरपर्यंत चालत गेला. लेन्स पुसायला कोरडं काही नव्हतं म्हणून शर्टाच्या आतून बनियन ओढून त्याने ती पुसली. त्या दिवशीच्या फोटोत पावसाच्या रेघा आणि रेघांमागे लियाकत. नियमात बसणारा फोटो.

घरी आला तेव्हा मृणालिनीने दारातच टॉवेल दिला.

"काय फोटोग्राफरसाहेब, आज कुणाचं लग्न होतं?"

"जनरेटरचं."

"नवरी चांगली मिळाली का?"

हसणं तेवढ्यापुरतंच. सोसायटीतली दोन मराठी कुटुंबं त्याच आठवड्यात सामान विकून परत गेली होती. त्यांचा डायनिंग टेबल घ्या म्हणून मागे लागली होती. मृणालिनीने घेतला नाही. आपलाच कुणाला विकायचा, हा प्रश्न तिला पडलेला होता.

जानेवारीच्या शेवटाकडे एका रात्री थंडी अचानक वाढली आणि सकाळी डोंगर पांढरा झाला. एमिरेट्समध्ये बर्फ. खाली नाक्यावर पोलीस आपापल्या मोबाइलवर फोटो काढण्यात दंग होते. उपेंद्रने ओळखपत्र दाखवलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि वर पोहोचला.

लियाकत फावड्याने दार मोकळं करत होता. "हमारे यहां तो साब, इससे छुट्टी लेकर लोग दुबई आते हैं," तो म्हणाला.

उपेंद्र पिंपापाशी गेला आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिला. सळ्या झाकल्या होत्या. सिमेंटच्या फाटक्या गोण्या झाकल्या होत्या. बोर्डाच्या वरच्या कडेवर बोटभर बर्फ, खांबांवर टोप्या, त्यामागे सरळ आभाळात गेलेला उतार. इतके दिवस तो ज्याचा फोटो काढत होता ते एखाद्या बऱ्या माणसाने बांधायला घेतलेलं काहीतरी असावं, असं पहिल्यांदाच वाटत होतं. मधोमध पिवळं जॅकेट होतं.

"लियाकतभाई, जरा बाजू हो जाओ."

"मेरे बिना फोटो? देऊसकर साब?"

"एक सिर्फ. फिर तुम्हारे साथ."

लियाकत बाजूला झाला. उपेंद्रने बटण दाबलं. मग लियाकत आपल्या जागी येऊन ताठ उभा राहिला, उपेंद्रने पुन्हा बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. थंडीने बॅटरी बसली होती. त्याने ती काढून काखेत धरली, हातात चोळली, गाडीच्या हीटरसमोर ठेवली. कॅमेरा क्षणभर उघडे आणि मिटे. दोघांचेही मोबाइल जुने, बिनकॅमेऱ्याचे. वर पुन्हा गारा सुरू झाल्या तेव्हा खाली उतरण्यावाचून इलाज नव्हता. एका दिवसाने काय होतंय, असं तो स्वतःशी म्हणाला आणि त्याने संध्याकाळी आहे तो फोटो पाठवला.

गुणवंतचा फोन लगेच आला. "टिपणीस, काय फोटो काढलात हो. मी इथल्या मराठी मंडळाच्या सगळ्यांना पाठवला. आपल्या माणसाने काढलाय, कळू दे की लोकांना."

माणूस कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही. चार दिवसांत फोटो कुठून कुठे फिरला आणि एका पेपरात मोठा छापून आला. कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली तारीख तशीच. रथसप्तमीच्या आधी शारजाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू झालं, तिथे बायका मृणालिनीला म्हणाल्या की तुमच्या मिस्टरांचा फोटो आम्ही कंप्युटरवर लावलाय. शुभ्राने पुस्तकातून डोकं वर काढून म्हटलं, "पप्पा, यू आर अ सेलिब्रिटी." ती खूप दिवसांनी आपणहून त्याच्याशी बोलली होती.

फेब्रुवारीच्या मध्यात मालकांच्या वकिलाचं पत्र आलं. सोबत तोच फोटो. साइटवर ना माणूस, ना कुठे हालचाल. तारीख कंपनीच्याच कॅमेऱ्याची.

गुणवंतने केबिनचं दार लावून घेतलं.

"माणूस कुठे गेला?"

"बाजूला होता."

"बाजूला म्हणजे?"

"मीच व्हायला सांगितलं."

"का?"

उपेंद्रला खोटं काही सुचलं नाही. "चांगलं दिसत होतं."

"चांगलं दिसण्यासाठी तुम्हाला तिथे ठेवलं होतं का हो?"

"तुम्हीच तो सगळ्यांना पाठवलात."

"मी पाठवला तो कौतुकाने. कौतुक पुराव्यात येत नाही."

मग त्याने टाइप करून तयार ठेवलेला कागद पुढे सरकवला. उपेंद्रने सूचना मोडून वॉचमनला जागेवरून हटवलं, हे त्यात होतं. फोटो त्याने स्वतःहून पेपरला दिला, हेही होतं.

"पेपरला मी दिलेला नाही."

"मग कुणी दिला? मी?"

उपेंद्रने कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला.

"हे बघा, सही केलीत तर व्हिसा मार्चअखेर रद्द करू. पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे. नाही केलीत तर उद्याच खलास, माझ्या हातात काही राहत नाही. मीसुद्धा बाप आहे, टिपणीस."

उपेंद्रने खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

शुभ्राने सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरला तो शाळेबाहेर उभा होता. ती आली, गाडीत बसली आणि सीटबेल्ट लावत म्हणाली, "यू डिड्न्ट हॅव टू साइन इट फॉर मी." तिने हे कुठे ऐकलं, हे त्याने विचारलं नाही. एप्रिलमध्ये तिघं पुण्याला आली. डायनिंग टेबल शेवटी रस्त्याकडेला ठेवून यावा लागला.

उन्हाळ्यात मालक आणि कंपनी यांचं आपसात जुळलं. कोर्टापर्यंत गोष्ट गेलीच नाही. धुक्यातले, पावसातले, बर्फातले ते सगळे फोटो कुणी उघडून पाहिले नाहीत. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला गुणवंतने फोन केला तेव्हा तो हे सहज, हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगून गेला.

२०११मध्ये अबुधाबीच्या एका कंपनीने उपेंद्रला घ्यायचं जवळजवळ नक्की केलं. तीन मुलाखती झाल्या. मृणालिनीने अल रीम आयलंडवरच्या घरांची भाडी इंटरनेटवर बघून ठेवली. मग पलीकडून उत्तरं यायची थांबली. उपेंद्रने गुणवंतला फोन लावला.

"त्यांनी आमच्याकडे चौकशी केली होती," गुणवंत म्हणाला. "फाइलमध्ये तुमचं स्टेटमेंट होतं, ते पाठवलं. पाठवावं लागतं. वाईट वाटून घेऊ नका."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला. मृणालिनी पोळ्या लाटत होती.

"काय म्हणाले अबुधाबीवाले?"

"जागा भरली म्हणाले."

"पुढे बघतील का?"

"इन्शाल्ला, म्हणाले."

मृणालिनीने तिकडे पंधरा वर्षं काढली होती. नाही म्हणायचं नसतं तेव्हा तिथल्या ऑफिसांत हाच शब्द वापरतात, हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिने पोळी तव्यावर टाकली आणि पुढची लाटायला घेतली.