घामाचं वजन

परदेशातून रग्बी खेळायला आलेल्या संघाचा डॉक्टर सरावाआधी आणि सरावानंतर प्रत्येक खेळाडूला वजनकाट्यावर उभं करायचा. या दमट उकाड्यात कुणाचा किती घाम गेला, ते मोजायला. दीड किलो घटलं की बर्फाचा टब, मीठ-साखरेचं पाणी, वर वारा घालायला दोन माणसं!

ते बघून मैदानाच्या माळ्याचा नुसता जळफळाट व्हायचा. बावीस वर्षं तो याच उन्हात रोलर ओढत होता. "आणि माझा घाम काय नळाचं पाणी आहे?" तो स्वतःशीच करवादायचा.

आज मात्र कामाआधी आणि कामानंतर तोही गुपचूप काट्यावर चढला. चांगलं अडीच किलो घटलं होतं! त्यांच्या सगळ्यात आडदांड गड्यापेक्षाही जास्त.

स्वारी छाती फुगवून घरी आली. पत्र्याच्या खोलीत बायको सकाळपासून त्याच संघाच्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करत होती. त्याने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं आणि वर म्हणाला, "आता जरा गार पाणी आण."

तिने इस्त्री बाजूला ठेवली, मनगटाने गळा पुसला.

"आणते. पण येताना तो काटाही आणायचा होतात."